खालच्या मजल्यावरचा समुद्र

समुद्र माझा होता. निदान जळगावात तरी तो माझाच, असं मी धरून चाललो होतो. मालवणकडच्या किनाऱ्यावर वाढलो, आठवीत शाळा सोडली, आणि केळी पिकवण्याच्या चेंबरवर कूलिंगचं काम मिळालं म्हणून इतक्या लांब आलो. मालकांना सगळे नाना म्हणतात. राहायला त्यांच्याच घरावरची खोली. सुरुवातीला आजारी पडलो तेव्हा त्यांच्या बायकोनं, अक्कांनी, मला विचारून विचारून पेज शिजवली आणि स्वतः जिना चढून आणली. त्या घराबद्दल वाकडा विचार करायचीही मला भीती वाटते.

तरी जळलो.

खोलीत मी खाऱ्या पाण्याची टाकी मांडली होती. भोकाभोकांत बारीक जीव राहतात तसला खडक, वाळू, दोन मासे, आणि झोअँथिडचा एक गुच्छ. बटणाएवढी हिरवी-केशरी तोंडं उघडणारा हा मऊ जीव. नानांनी तो पाहिला आणि त्यांना नाद लागला. खाली बैठकीत मोठी टाकी आली. गुच्छातला अर्धा तुकडा मीच कापून दिला. त्या माणसाला नाही कसं म्हणणार?

उन्हाळा चढला तसा त्यांचा अर्धा पसरत गेला आणि माझा मिटत गेला.

नाना तर काहीच करत नसत. मागच्या काचेवर शेवाळ चढलं तर म्हणत, "राहू द्या, गोगलगाईंनी काय खावं मग?" माशांना खाणं चिमूटभर. मी मात्र रोज ब्रशनं खडक घासायचो, वाळू उपसायचो, दुकानातल्या बाटल्या ओतायचो. हात स्वस्थ ठेवणं मला जमायचंच नाही. धुळ्याहून अक्कांची बहीण आली आणि काचेला नाक लावून म्हणाली, "माय वं, घरमा समुद्र शे!" नानांनी लगेच माझ्याकडे बोट दाखवलं, "यांनी दिलेलं शे ते." ते असं दरवेळी, न चुकता सांगत. निदान आपलंच म्हणून मिरवलं असतं तर मला रागावता तरी आलं असतं.

अक्का हसत म्हणाल्या, "भाऊ, तुमना समुद्र वर आटी राह्यना, आमना खाले भरी राह्यना!"

मीही हसलो. वर जाऊन पुन्हा खडक घासला.

एकदा नाना वर आले, तेव्हा मी टाकीत पाणी भरत होतो. पाणी तापू नये म्हणून वर टेबल फॅन चालू असायचा, आणि त्या कोरड्या हवेत रोज तांब्याभर पाणी उडून जायचं. तेवढं मीठ कालवलेलं पाणी मी पुन्हा ओतायचो.

"खारं ओतता?" नानांनी विचारलं.

"मग? समुद्रात गोडं ओतायचं?"

"पानी उडी जास. मीठ उडस का?"

त्यांनी काचेच्या कडेवरचा पांढरा थर नखानं खरवडला. "ठिबकच्या तोटीशी असंच साचतं. मग झाड करपतं. मी तर रोज साधं आरओचं पाणी टाकतो. क्षाराचा काटा कुठंय तुमचा?"

पाण्यातलं मीठ मोजायचा तो काटा मी घेतलाच नव्हता. समुद्राकाठच्या माणसाला काटा कशाला, म्हणून जिभेवर थेंब ठेवून बघायचो. आमच्याकडे हवाच ओली, पाणी असं उडून जातं हे कधी डोक्यातच आलं नाही. त्यांचा काटा आणून लावला तर तो पार वर गेला.

"एकदम गोडं ओतू नका, मरतील. रोज थोडं थोडं. तोवर गुच्छ खाली आमच्या टाकीत ठेवा," नाना म्हणाले.

मी नको म्हणालो. या घरात माझं म्हणावं असं तेवढंच होतं, तेही त्यांच्या काचेत जाऊन बसणार. पण दुसऱ्या दिवशी कडेची तोंडं विरघळून बुळबुळीत झालेली दिसली, आणि मी वाडग्यात तुकडा घेऊन जिना उतरलो. अक्कांनी टाकीचं झाकण उचललं.

खालचं पाणी वाडग्यात थोडं थोडं मिसळत गेलो आणि मग तुकडा त्यांच्या टाकीत सोडला. तिथं तो उघडला. आधी एक, मग चार. माझ्याकडे मिटून बसलेला, त्यांच्याकडे हसतोय, असं वाटलं आणि पुन्हा जळलो. जीव वाचला म्हणून रडूही आलं. वर मी रोज थोडं गोडं पाणी घालत राहिलो. ब्रश अक्कांना भांड्यांसाठी देऊन टाकला. काचेवर शेवाळ चढलं, ते बघवेना, पण ठेवलं.

काटा जागेवर आला तेव्हा नानांना विचारलं, "नेऊ का?"

"तुमनंच शे ते," ते म्हणाले. "इथं पसरलंय छान, पण न्या."

नेलं. दुपारभर टाकीसमोर हात मांडीखाली दाबून बसलो. ऊन उतरताना एक केशरी तोंड उघडलं. खाली धुळ्याची पाहुणी पुन्हा आली होती, नाना तिला टाकी दाखवत होते, आवाज वरपर्यंत येत होता. हाक मारली असती तर सगळी वर आली असती, नाना सगळ्यांआधी.

मी हाक मारली नाही. दुसरं तोंड उघडेपर्यंत एकटाच बघत बसलो.