मास्तरांनी सैल केलेलं हेल्मेट

आपल्या दुकानातून कपडा कधी परत आला नाही, असं मास्तर स्वतःच सगळ्यांना सांगत. ऐकणाऱ्याला ते खरं वाटे, कारण ते जवळजवळ खरंच होतं. बाजाराच्या मागच्या गल्लीत एका शटरचं त्यांचं टेलरिंगचं दुकान. खिडकीशी मशीन, मधे कापायचं टेबल, कोपऱ्यात आरसा. आरसा जरा पुढे कललेला होता, त्यात गिऱ्हाईक बारीक दिसे, आणि त्याबद्दल आजवर कोणी तक्रार केली नव्हती.

नवीन कपडे शिवणारे गावात पुष्कळ होते. पण आल्टरेशनसाठी माणसं वाट वाकडी करून मास्तरांकडे येत. बगलेत काचणारा कोट, पोटावर न मिटणारी पँट, बदली होऊन आलेल्या साहेबांचा खांद्यावरून उतरणारा युनिफॉर्म. मास्तर आतली शिवण उसवत, काय करायचं ते करत आणि पुन्हा अशी शिवत की भिंग लावून पाहिलं तरी हात लागल्याचं कळू नये. कोणी ‘टोचतंय’ म्हणालं की त्यांच्या जिवाला चैन पडत नसे. अंगाला टोचणारी वस्तू म्हणजे बिघडलेली वस्तू, इतकं साधं त्यांचं शास्त्र होतं. त्याच शास्त्राने त्यांचा घात केला.

त्यांच्या एकुलत्या एका लेकीला घरात सगळे डॉक्टर म्हणत. लहानपणी ती शेजारच्या मांजराला पट्ट्या बांधत फिरायची, तेव्हापासूनचं हे नाव. पुढे ती खरोखरच जनावरांची डॉक्टर झाली, त्यामुळे चिडवायला घरात काही उरलंच नाही. तिला नेमणूक मिळाली ती डोंगरावरच्या कुरणांत. मेंढ्या, घोडी, दोन वस्त्यांच्या मधे नुसते दगड आणि उतार. फिरायला खात्याने एटीव्ही दिली, म्हणजे चार जाड चाकांची मोटरसायकल. मास्तरांना ते प्रकरण पहिल्या दिवसापासून पसंत नव्हतं. चार चाकं असून उलटते म्हणजे काय, असं ते जो भेटेल त्याला विचारत.

म्हणून हेल्मेट घ्यायला ते स्वतः सोबत गेले. हेल्मेटवाला त्यांचं जुनं गिऱ्हाईक, वयाने लहान पण आपल्या कामात भलताच काटेकोर. डॉक्टरने उचललेलं उघड्या तोंडाचं, सुंदर लाल हेल्मेट त्याने तिच्या हातातून सरळ काढून घेतलं. “डोंगरात माणूस तोंडावर पडतो, ताई. हनुवटी झाकणारं घ्या.” भुवयांच्या वरून डोक्याचं माप घ्यायचं होतं. टेप मात्र मास्तरांनी त्याच्या हाती दिली नाही, माप स्वतःच घेतलं. मग हेल्मेटवाल्याने आतला प्रमाणाचा शिक्का दाखवला, तिच्या हनुवटीखाली पट्टा आवळला आणि मागून दोन्ही हातांनी हेल्मेट वर ढकलून पाहिलं. ते हललं नाही. डॉक्टरचे गाल इतके दाबले गेले होते की तिचं बोलणं तोंडात घास असल्यासारखं येत होतं.

“असंच हवं,” तो म्हणाला. “डोकं हलवलं की कपाळाची कातडी ओढली गेली पाहिजे. आतला स्पंज वापरून बसेल, तोवर सोसायचं. एकाच जागी फार टोचलं तर घेऊन या, दुसऱ्या आकाराचं देईन.”

मास्तर मान डोलावत होते. लक्ष आतल्या अस्तराच्या शिलाईवर होतं. शिलाई त्यांना सुमार वाटली.

पहिल्याच सुट्टीला डॉक्टर घरी आली ती उजव्या कानशिलावर लाल वळ घेऊन. “बाकी ठीक आहे बाबा, पण इथे टोचतं. संध्याकाळपर्यंत डोकं ठणकायला लागतं.” दुसऱ्या आकाराचं आणायला हवं, असंही ती म्हणाली. मास्तरांना ते जवळजवळ अपमानासारखं वाटलं. घरात मास्तर असताना वस्तू दुकानात परत करायची म्हणजे काय? जेवण झाल्यावर त्यांनी हेल्मेट टेबलावर उलटं ठेवलं आणि अस्तर उसवलं. आत टणक थर्माकोल निघाला. टोचत होता तो हाच. त्यांनी ब्लेडने तो हळूहळू खरवडला, बारीक सँडपेपर फिरवला, अंगठा बसेल एवढी खोलगट जागा केली आणि वर मऊ स्पंज घालून अस्तर पुन्हा शिवून टाकलं.

डॉक्टरने हेल्मेट घातलं, मान इकडेतिकडे वळवली. “आता घातलंय हे कळतसुद्धा नाही.” मास्तरांना इतकं समाधान कित्येक दिवसांत मिळालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पहाटेच ती डोंगरावर निघून गेली.

त्याच सकाळी हेल्मेटवाला पँट न्यायला आला. मास्तरांना राहवलं नाही. “तुझ्या कंपनीला अस्तर बसवता येत नाही रे,” ते म्हणाले, आणि केलेलं सगळं हौसेने सांगितलं. ब्लेड, सँडपेपर, स्पंज, सगळं. हेल्मेटवाला पँटचा पाय पाहत होता. त्याने पँट टेबलावर ठेवली.

“थर्माकोल खरवडलात?”

“थोडाच. टोचत होता तेवढाच.”

“मास्तर, डोकं आपटलं की तो चेपतो, म्हणून डोकं वाचतं. तुम्ही खरवडलंत ना, तेच हेल्मेट असतं. बाकी सगळं कव्हर.”

मास्तरांना आधी कळलंच नाही. मग कळलं, तसे ते फोनकडे धावले. फोन लावला. डॉक्टरचा फोन लागत नव्हता, आणि खिंडीच्या पलीकडे तो लागतच नाही हे दोघांनाही ठाऊक होतं. हेल्मेटवाल्याने आपल्या दुकानातून दुसऱ्या आकाराचं हेल्मेट आणलं, मास्तरांना व्हॅनमध्ये कोंबलं आणि गाडी काढली. शटर ओढायचं राहिलं ते मास्तरांना गाव सुटल्यावर आठवलं. 

वळणावर वळण येत होतं. मास्तर प्रत्येक वळणाला दरीच्या बाजूला पाहत होते. त्यांना सारखे आपलेच हात दिसत होते, किती हलक्या हाताने ब्लेड फिरवत होते ते. गिऱ्हाइकाची पँट उसवली तर चारचौघांत हसं होतं, जीव जात नाही. आपल्या कामाने कोणाचा जीव जाऊ शकतो, असं आजवर त्यांच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. एकदा त्यांनी विचारलं, “पण एवढीशीच जागा आहे रे. नेमकं तिथेच कसं लागेल?” हेल्मेटवाल्याने नुसता गिअर बदलला.

कुरणांखालच्या खात्याच्या चौकीशी रस्ता संपला. चौकीदार म्हणाला, ताई केव्हाच वर गेल्या, एव्हाना यायला हव्या होत्या. दुसरी एटीव्ही दुरुस्तीला गेलेली. पायी जायचं म्हटलं तर वर तीन वाटा, ती कुठल्या वाटेने उतरेल हे सांगता येत नव्हतं. थांबण्यावाचून इलाज नव्हता. चौकीदाराने चहा दिला, तो मास्तरांच्या हातातच गार झाला.

मग वरून इंजिनाचा आवाज आला. आला, आणि बंद पडला. मास्तर उठून उभे राहिले. बराच वेळ काहीच ऐकू येईना. हेल्मेटवाल्याने त्यांचा दंड धरून ठेवला, कारण ते चढणीला लागले होते. आवाज पुन्हा सुरू झाला आणि थोड्या वेळाने एटीव्ही वळणावरून खाली आली. डॉक्टर डाव्या खांद्यापासून गुडघ्यापर्यंत चिखलाने माखली होती.

“तुम्ही इकडे कसे?” तिने हेल्मेट काढलं. चेहरा उतरला होता, पण ती हसत होती. “बरं झालं आलात. वर घसरले मी. गाडी उलटली. हे बघा.”

हेल्मेटच्या डाव्या बाजूचा रंग भुवईपासून कानापर्यंत खरवडून निघाला होता. मधे कोटाच्या बटणाएवढी खाच होती.

“खडकावर आपटलं डोकं. नुसता आवाज झाला, बाकी काही नाही. तुमच्या हेल्मेटने वाचवलं, बाबा.”

 हेल्मेटवालाच पुढे झाला. “मार बसलेलं हेल्मेट पुन्हा वापरायचं नसतं, ताई. आतला थर्माकोल एकदा चेपला की संपलं. हे दुसरं घ्या.” एवढं बोलून तो मास्तरांकडे न पाहता व्हॅनकडे वळला. आपल्याला सुटायला वाट करून दिली आहे, हे मास्तरांना समजलं. आता नुसतं गप्प बसायचं होतं. जुनं हेल्मेट कचऱ्यात जाईल, लेकीला काही कळणार नाही, आणि आपल्या हेल्मेटने वाचवलं असं ती जन्मभर म्हणत राहील. खरं सांगायचं तर त्यांना तो मोह झाला.

डॉक्टरने नवं हेल्मेट घालून पट्टा आवळला. “कानशिलाला टोचत नाही हे. पण गालावर घट्ट आहे.” तिने ते काढून मास्तरांपुढे धरलं. “याचंही आतून करून द्या ना, त्याच्यासारखं.”

“नाही करणार,” मास्तर म्हणाले.

तिला ते थट्टेचं वाटलं. मग तिने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

“त्यातला थर्माकोल मी खरवडून टाकला होता. मार तोच झेलतो म्हणे. मला ठाऊक नव्हतं. मला तो नुसता टोचणारा वाटला. ती जागा पोकळ करून मी वर अस्तर शिवलं, आणि तू तेच घालून गेलीस.” त्यांनी जुन्या हेल्मेटकडे बोट केलं. “मीच सैल करून दिलं, डॉक्टर.”

“मीच म्हटलं होतं टोचतंय म्हणून.”

“तू म्हणणारच. तू परत करायला निघाली होतीस, मी करू दिलं नाही.”

 मग तिने जुनं हेल्मेट उचललं, आत हात घातला आणि उजव्या बाजूला अंगठा दाबला. अस्तर सहज आत गेलं. दवाखान्यात एखाद्या जनावराचं पोट चाचपावं तशी ती तिथेच बोट फिरवत राहिली.

“गाडी उजवीकडेच कलंडत होती, बाबा,” ती म्हणाली. “मी डावीकडे अंग टाकलं. का टाकलं, ते मला अजून सांगता येत नाही.”