स्टेशन शून्य

अन्वी, निशांत,

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर अन्वीला माझ्या मागचं कपाट दिसलं. "आजी, त्या बाटलीवर शून्य का लिहिलंय?" असं तिनं विचारलं. नंतर सांगते, म्हणाले. चाळीस वर्षं मी 'नंतर'च म्हणत आले आहे. आता अन्वी स्वतः नद्यांवर संशोधन करायला निघाली आहे, म्हणून लिहिते. मराठीत लिहिते, कारण यातला एक शब्द इंग्रजीत येत नाही. तो आला की तुम्हाला कळेल.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. नाशिकच्या एका कॉलेजातला प्राणिशास्त्र विभाग. भिंतीवर माझा तक्ता लावलेला. धरणाच्या पायथ्याचं वीजघर, तिथून निघालेली निळी रेघ म्हणजे नदी, रेघेवर सहा ठिपके. ठिपक्याला आम्ही स्टेशन म्हणायचो. स्टेशन म्हणजे पाणी आणि त्यातले जीव गोळा करायची जागा. वीजघरातून सोडलेल्या पाण्यानं खालच्या नदीतल्या जिवांचं काय होतं, हा माझ्या पीएचडीचा विषय होता.

पुण्याहून आलेले एक प्राध्यापक तक्त्यापुढे बराच वेळ उभे राहिले. मग त्यांनी विचारलं, वीजघर आणि तुमचं स्टेशन एक यांच्यामध्ये दीड मैल नदी आहे. परिणाम सगळ्यात जास्त तिथेच असणार. तिथं एकही ठिपका कसा नाही?

ती रिकामी जागा मला तोवर दिसलीच नव्हती. माझे गाइड खुर्चीतून हसत म्हणाले, "तिथं गावाचा वरचा पाणवठा आहे. बाईंना वरच्या पाण्याची सवय नाही."

सगळे हसले. मीही हसले. ते हसू मला अजून माफ करता आलेलं नाही.

कारण सर नीच बोलले होते, पण खोटं बोलले नव्हते. नदीच्या त्या दीड मैलात वरच्या जातींचा पाणवठा होता. त्याच्या खाली आमच्या बौद्धवाडीचा. माझी नदी तिथून सुरू व्हायची. तक्ता मी काढला होता. त्यात जात मी काढली नव्हती. ती आपोआप उतरली होती.

आता थोडं मागचं सांगते. माझे वडील इगतपुरीला रेल्वेत पॉइंट्समन होते. त्यांनी मला रेल्वेच्या इंग्रजी शाळेत घातलं. सुट्टीत मी गावी आत्याकडे जायचे. आत्या विधवा, मूलबाळ नाही. नदीत टोपली लावून झिंगे, मरळ, वाम धरायची आणि घोटीच्या बाजारात विकायची. आठ वर्षांची असताना मी एकदा खेळत खेळत वरच्या पाणवठ्यावर गेले आणि पायरीवर बसून पाण्यात पाय सोडले. पाटलांच्या घरच्या बायकांनी आपल्या घागरी उपड्या केल्या. आत्या धावत आली. तिनं सगळ्यांसमोर माझ्या थोबाडीत मारली, मग त्यांच्यापुढे डोकं टेकलं. पायरी राखेनं घासून दिल्यावर आम्हाला जाऊ दिलं. आत्यानं मला आयुष्यात तेवढंच एकदा मारलं.

ती थप्पड मी विसरले होते, असं मला वाटायचं. मॅट्रिक झाले, बी.एस्सी., एम.एस्सी. झाले. पण संशोधनासाठी ठिपके काढताना हात बरोबर स्टेशन एकपाशी थांबला.

नाशिकहून त्याच आठवड्यात गावी गेले. आत्याला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "तिथं आपन नाय जात."

"का?"

तिचे हात थांबले. भाकरी करपली. मग म्हणाली, "उद्या जाऊ."

नदीबद्दल मला जे काही ठाऊक होतं, त्यातलं अर्धं तिचं होतं. वीजघर सुरू झाल्यापासून पाणी धरणाच्या तळातून यायचं. गार, जड, प्राणवायू कमी असलेलं. विजेची गरज वाढली की नदी फुगायची, गरज सरली की ओसरायची. गोट्यांत घातलेली माशांची अंडी उघडी पडून वाळायची. हे मी पुस्तकातून शिकले. आत्या एवढंच म्हणायची, "नदीला हिवताप झालाय पोरी. चढतोय, उतरतोय." हे वाक्य मी प्रबंधाच्या कच्च्या प्रतीत घातलं होतं. सरांनी त्यावर लाल पेन्सिलीनं रेघ मारली आणि समासात लिहिलं, ऐकीव.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी आम्ही वरच्या पाणवठ्यावर गेलो. धुणं चाललं होतं. पाटलांचे थोरले, त्यांना सगळे अण्णा म्हणत, वडाच्या सावलीत बसले होते. मी जाळी आणि बाटल्या घेऊन पुढे झाले. अण्णा आवाज न चढवता म्हणाले, "शिकली म्हणून काय झालं? पायरी सोडू नये माणसानं."

मी थबकले. इतकं शिकून थबकले. मागून आत्याचा आवाज आला. "पायरी कोन मागतंय अण्णा? ती नदीत उतरती हाय."

आणि ती माझ्या आधी उतरली. लुगडं खोचून, मांडीएवढ्या पाण्यात. मी तिच्या मागून उतरले. घागरी पुन्हा उपड्या झाल्या. पण डोकं कुणी टेकलं नाही. आम्ही जाळी लावली, गोटे उलटून खरवडले, बाटली भरली. स्टेशन एकच्या वरचं म्हणून तिला शून्य क्रमांक दिला. फॉर्मालिनमध्ये शाई उडते, म्हणून बाटलीच्या आतली चिठ्ठी शिसपेन्सिलीनं लिहायची असते. ती मी लिहीत असताना आत्यानं विचारलं, कुणी धरलं तेबी लिवतात का यात? मी म्हटलं, हो. गोळा करणाऱ्याचं नाव लिहितात.

अण्णांनी तिला भातलावणीचं काम द्यायचं बंद केलं. वाईट वाटलं का, असं मी विचारलं. ती म्हणाली, "वाईट नाय. पर आता 'ए' म्हनलं तर मी वळनार नाय. लय वळले."

तो शब्द हा. ए. गावात तिला कुणी नावानं हाक मारली नाही. वाट सोडायला ए, मोळी उचलायला ए, पायरी घासायला ए.

मी नाशिकला कॉलेजात शिकवायचे, म्हणून दर पंधरवड्याला शून्यवरचे नमुने आत्या घ्यायची. मीच तिला शिकवलं होतं. पाणी किती चढलं त्याच्या खुणा ती काठीवर पाडायची. चिठ्ठीवर तिच्या नावाची पहिली चार अक्षरंच बसायची, तीही मीच तिला गिरवायला लावली होती. बाटल्या एस.टी.च्या कंडक्टरच्या हाती यायच्या. एकही फुटली नाही.

मग एका दुपारी वीजघराचं पाणी नेहमीच्या वेळेआधी सोडलं. तेव्हा तिथं भोंगा नव्हता. रखवालदार पाणवठ्यावर येऊन सांगायचा. त्यानं सांगितलं आणि बायका वर चढल्या. आत्या नदीच्या मधल्या खडीवर होती, वाकलेली, त्यांच्याकडे पाठ करून.

पाटलांची धाकटी सून मला नंतर भेटली. माझा हात धरून रडली. त्या गावात माझा हात धरणारी ती पहिली. म्हणाली, "ताई, आम्ही लय ओरडलो. ए, ए करून ओरडलो. त्या वळल्याच नाहीत."

मी विचारलं, नावानं का नाही हाक मारली?

ती म्हणाली, "नाव कुणालाच ठाऊक नव्हतं."

आत्या सापडली ती आमच्या पाणवठ्यावर. स्टेशन एकवर. बाटली तिनं पदरात बांधली होती. बूच घट्ट लावलेलं होतं.

पाण्याच्या आवाजात तिला 'ए' ऐकू आलं नसेल, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं. ऐकू आलं असेल आणि ती वळली नसेल, हेही तितकंच खरं असू शकतं. तिला नदीत मी नेलं. ते ओझं माझं आहे, ते मी खाली ठेवलेलं नाही.

प्रबंध लिहून झाला. शून्यवर जवळजवळ काहीच जगत नव्हतं. जसजसं खाली जावं तसतशा बाटल्या भरत गेल्या होत्या. रिकामी बाटली हाच सगळ्यात मोठा पुरावा होता. गोळा करणाऱ्यांच्या यादीत मी आत्याचं पूर्ण नाव घातलं आणि शून्यच्या प्रकरणात तिचा मृत्यू कसा झाला ते चार ओळींत लिहिलं. सरांनी वाचलं. पुन्हा लाल पेन्सिल.

"नाव काढा, या चार ओळी काढा. मी उद्या सही करतो. विज्ञानात आत्या नसते."

मी म्हटलं, "मोजलं तिनं, सर. तुम्ही नाही. मीही नाही."

या वेळी मी हसले नाही. प्रबंध उचलला आणि जिना उतरले. सही झाली नाही, पदवी मिळाली नाही. त्यानंतर सत्तावीस वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवलं. हजेरी घेताना प्रत्येक मुलाचं पूर्ण नाव घेतलं. कुणालाही 'ए' म्हटलं नाही, माझ्यासमोर कुणाला म्हणू दिलं नाही. त्यावरून दोन हेडमास्तरांशी वाकडं आलं. येऊ दिलं.

अन्वी, तू तक्ता काढशील तेव्हा तुझा हात कुठं थांबतो ते बघ. तिथंच उतर. आणि जो कोणी तुझ्यासाठी पाण्यात उभा राहील, त्याचं नाव आधी विचार.

प्रबंधाची एकुलती एक प्रत वाळवीनं खाल्ली. तक्ता घर बदलताना हरवला. पदरात बांधलेली ती बाटली आहे. आत तीन लाल अळ्या, एक रिकामं शिंपलं आणि शिसपेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी. अक्षरं वाकडी आहेत, कारण ती तिनंच लिहिली आहेत. अजून वाचता येतात.

० सगुणाबा