ऊनमावशींचं ‘बरं हाय’

आमच्या ऊनमावशींनी कुठल्याही बाळाला कधी ‘छान’ म्हटलं नाही. शंभराच्या वर पोरं त्यांच्या पायांवर न्हाऊन निघाली असतील, पण ‘किती गोड’, ‘किती गोरं’ असला एक शब्द त्यांच्या तोंडून निघेल तर शपथ. बाळाची आंघोळ झाली, धुरी दिली, दुपट्यात घट्ट गुंडाळलं, की त्या त्याला घेऊन दारातल्या पायरीवर बसायच्या. बाळाचे पाय कोवळ्या उन्हात, तोंड मावशींच्या पदराच्या सावलीत. मग त्या हळूच पदर बाजूला करायच्या. बाळ डोळे घट्ट मिटणार, तोंड वेंगाडणार, शिंकणार. मावशी वाट बघायच्या. थोड्या वेळानं एक डोळा किलकिला व्हायचा, मग दुसरा, आणि ते गाठोडं आभाळाकडे टकामका बघत बसायचं. ‘बरं हाय,’ मावशी म्हणायच्या आणि चहा मागायच्या.

त्यांचं खरं नाव ठकूबाई. ऊनमावशी हे नाव आमच्या कॉलनीनं ठेवलं, आणि त्यांच्या ‘बरं हाय’ला कॉलनीत डॉक्टरच्या शिक्क्याइतकी किंमत होती. बायका माहेरी फोन करून सांगायच्या, मावशी आज ‘बरं हाय’ म्हणाल्या. एकदा शेजारच्या इमारतीतल्या एका बाळाचा केतकीसारखा रंग सगळे वाखाणत होते. मावशींनी त्याला पायरीवर नेलं आणि म्हणाल्या, ‘गोरं नाय हे, पिवळं हाय. दवाखान्यात घेऊन पळा.’ कावीळच निघाली. घरातल्या ट्यूबखाली कुणालाच दिसली नव्हती. ‘माणूस तोंडावर गोड बोलतंय,’ मावशी म्हणायच्या, ‘ऊन नाय बोलत.’

स्वभावानं बाई खट होती, हेही सांगायला हवं. प्लॅस्टिकच्या टबाचा त्यांना भारी तिटकारा. ‘टबात पोर न्हातं का भिजतं?’ असं म्हणून त्या स्वतःचा लाकडी पाट काखेत मारून यायच्या. मीही काही कमी नाही. माहेरी मला ‘फटाकडी’ म्हणायचे. त्यामुळे आमचं रोज एकदा तरी वाजायचं, पाणी किती कढत हवं इथपासून पोरीला टोपरं घालायचं की नाही इथपर्यंत. तरी सकाळी फाटकाची कडी वाजली की मला बरं वाटायचं.

आम्ही एकलहऱ्याला, कोळशावरच्या वीज केंद्राच्या कॉलनीत राहतो. माझा नवरा संदीप तिथेच शिफ्टमध्ये कामाला आहे. इथल्या माणसांना एक खोड आहे, कशाचंही खापर राखेवर फोडायचं. दोरीवरचे कपडे मळले, राख. खोकला आला, राख. एखाद्याचा डोळा पाणावला तर विचारायलाच नको. मी लग्न होऊन पंचवटीतून इथे आले तेव्हा हसायचे. दोन वर्षांत मीही तसंच बोलायला लागले.

माझी मुलगी ऐन थंडीत जन्मली. घरी आणल्या आणल्या सासूबाईंनी तिच्या डोळ्यांचा डांगोरा पिटला. ‘अगं, चेहऱ्यात नुसते डोळेच डोळे! माझ्या आईचे डोळे घेऊन आलीय.’ येईल तो तेच म्हणे. मीही फुशारून जायची, खोटं कशाला बोलू? मावशी पहिल्या दिवशी तिला पायरीवर घेऊन बसल्या. पदर बाजूला केला. पोरीनं डोळे मिटले ते मिटलेच. मावशींनी पुष्कळ वाट पाहिली. शेवटी तिनं तोंड त्यांच्या काखेत खुपसलं. मावशी उठल्या आणि म्हणाल्या, ‘बघू उद्या.’

दुसऱ्या दिवशी ‘बघू उद्या’. तिसऱ्या दिवशीही. आठवडा झाला, पंधरवडा झाला. माझ्यानंतर बाळंत झालेल्या बाईच्या बाळाला चौथ्याच दिवशी ‘बरं हाय’ मिळालं, आणि माझ्या पोरीला रोज ‘बघू उद्या’. मला राग येऊ लागला. परीक्षेत पोरगी नापास होत असल्यासारखं वाटायचं. मावशी आता काहीबाही विचारायलाही लागल्या. दिवा लावला की रडती का? सांजेला, दिवे लावायच्या आधी, डोळे उघडून खेळती ना? खेळायची. झाकड पडली की पोरगी असे टपोरे डोळे उघडून बघायची की सासूबाई तिची दृष्टच काढायला घ्यायच्या. ट्यूब लागली की डोळे बंद. ‘लाजाळू आहे हो माझी बाय,’ सासूबाई म्हणायच्या. मावशी मात्र हसायच्या नाहीत. त्यांचं ते न हसणं मला दिवसभर टोचत राहायचं.

दीड महिन्याची झाली तेव्हा लशीला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, डोळ्यांतून पाणी येतं का? मी पटकन म्हणाले, ‘आमच्याकडे राख असते ना, त्यानं.’ त्यांनी मान डोलावली आणि पुढचं बाळ घेतलं. हे उत्तर मला कुणी पढवलं नव्हतं.

बारसं दोन महिन्यांनी कॉलनीच्या हॉलमध्ये केलं. झगझगीत दिवे, फोटोग्राफरचा फ्लॅश, प्रत्येकाच्या हातात मोबाईल. पोरगी जी किंचाळायला लागली ती थांबेना. आत्यानं कानात नाव सांगितलं ते डोळ्यांवरूनच, सुनयना. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मावशी दारापाशी उभ्या होत्या. ताट वाढलं तर म्हणाल्या, आज भूक नाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पोरीला पायरीवर नेलंच नाही. आंघोळ घालून माझ्यासमोर बसल्या आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, ‘पोरी, हिचे डोळे मोठे नायत. मोठे व्हायला लागलेत. पोर वाढावं, डोळा नाय वाढू. आजच्या आज डाक्टरला दाखव.’

सासूबाई स्वयंपाकघरातून तशाच बाहेर आल्या. ‘कालच बारसं झालंय पोरीचं. अभद्र बोलू नका!’ पण त्यांनी नुसतं झापलं. हाकललं ते मी. ‘उद्यापासून येऊ नका,’ मी म्हणाले, आणि वर हेही म्हणाले की तुम्हाला कुणाचं चांगलं बघवत नाही. मावशींनी पोरीला गादीवर ठेवलं. पाट काखेत घेतला. जाताना खिडकीचा पडदा ओढून घेतला, कारण पोरीच्या तोंडावर उजेड येत होता.

मग महिना गेला. दुसरी बाई लावली, ती येता जाता ‘काय डोळे आहेत!’ म्हणायची. मला ते ऐकून आनंद व्हायला हवा होता, पण मी पोरीला उचलून आत न्यायची. काळ्याभोर बुबुळांवर आता निळसर झाक दिसू लागली होती, सायीसारखी. सासूबाई म्हणाल्या, ‘घारी होणार. माझे मामा घारे होते.’ एका दुपारी मी मोबाईलमधला तिचा विसाव्या दिवसाचा फोटो शोधला आणि त्याच दुपारी काढलेल्या फोटोशेजारी लावून पाहिला. चेहरा थोडासाच वाढला होता. डोळे मात्र खूप. पोरीला ओढणीत घेतलं आणि कुणालाही न सांगता रिक्षानं पलीकडच्या गावात मावशींकडे गेले.

मावशींच्या दाराला जाड चादर लावलेली होती. आत अंधारात माझ्याच वयाची एक बाई वालाच्या शेंगा सोलत बसली होती. माझी पोरगी रडली तशी ती हसली, पण भलत्याच दिशेला बघून. मावशी मागच्या दारानं आल्या. माझ्याकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं आणि त्या बाईजवळ जाऊन बसल्या.

‘ही हरणा. माझी थोरली,’ त्या म्हणाल्या. ‘गावानं ठेवलं नाव, डोळे बघून. मी बी लय मिरवली हिला. जत्रंत खांद्यावर घेऊन हिंडायची. लोक म्हणायचे, काय डोळे हायेत ठकूबाई! मी म्हणायची, हायेतच मुळी. चार वर्साची झाली आन् समदं गेलं. आजून ऊन डोळ्यात घुसतं म्हणती, दिसत काय बी नाय.’

मी नुसतं ‘मावशी, चुकले’ एवढं म्हणाले.

‘तू काय चुकलीस? चुकले मी,’ मावशी म्हणाल्या आणि एवढी खट बाई पदर तोंडात कोंबून रडायला लागली. ‘पयल्याच दिवशी मला कळलं हुतं. पर मन घेईना. वाटलं, आपलंच मन काळं, हरणापायी समदीकडं तेच दिसतं. रोज म्हणायची, उद्या उघडंल. उद्या उद्या करत दोन महिने घालवले गं मी.’

त्याच रिक्षानं मी, मावशी आणि पोरगी अशा आम्ही तिघी नाशिकला डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरबाईंनी तपासलं आणि समजेल असं सांगितलं. डोळ्याच्या आतलं पाणी बाहेर जायची वाट जन्मापासूनच नीट झालेली नाही. पाणी साचतं, दाब वाढतो. लहान बाळाचा डोळा मऊ असतो, म्हणून तो ताणून मोठा होतो. लोकांना सुंदर वाटतो. उजेड सहन होत नाही, पाणी येतं, ही त्याचीच लक्षणं. मग त्यांनी विचारलं, ‘हे पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं?’ मी मावशींकडे बोट दाखवलं. ‘कधी?’ मी सांगितलं. डॉक्टरबाई खाली मान घालून लिहीत राहिल्या. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

ऑपरेशन दोन्ही डोळ्यांचं झालं. उजवा वाचला. डाव्याला उजेड आणि अंधार एवढंच कळतं. सुनयना आता पाच वर्षांची आहे. जाड भिंगांचा चष्मा लावते, अंगणात जाताना कपाळावर टोपी ओढून घेते आणि शाळेत खिडकीपासून लांब बसते. तिचं नाव कुणी मोठ्यानं घेतलेलं मला आजही सोसत नाही. घरात आम्ही तिला सोनू म्हणतो.

मावशी पुन्हा यायला लागल्या. सासूबाईंनी माफी मागितली नाही, त्यांच्यात ती पद्धतच नाही. पण मावशी आल्या की त्या स्वतः उठून आलं ठेचून चहा टाकायच्या आणि समोर बसून राहायच्या. मला पुन्हा दिवस गेले तेव्हा डॉक्टरबाईंनी आधीच बजावलं होतं, दुसऱ्या बाळालाही हे असू शकतं, पहिल्याच आठवड्यात आणा. मी मनाशी म्हटलं, मावशी आहेत ना. मावशी मात्र तोवर दम्यानं पार खंगल्या होत्या.

शेवटची भेट त्यांच्याच घरी झाली. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या, हरणा त्यांचे पाय चेपत होती. ‘ह्या येळेला पायरीवर तू ने,’ त्या म्हणाल्या.

‘मला नाही जमायचं, मावशी. भीती वाटते.’

‘वाटू दे भीती. मला बी वाटायची. पर उद्या म्हणू नको.’

पंधरा दिवसांनी त्या गेल्या. मी पोटुशी म्हणून मला मातीला जाऊ दिलं नाही. नंतर हरणानं कुणाबरोबर तरी त्यांचा पाट पाठवून दिला. तेलानं काळा झालेला, मधोमध खोलगट.

मुलगा झाला. दवाखान्यातून घरी आलो तो बुधवार होता, डोळ्यांच्या तपासणीची वेळ शनिवारची मिळाली होती. सासूबाईंनी त्याचे कान पाहिले, नाक पाहिलं, डोळ्यांचं नाव एकदाही काढलं नाही. बघायला येणाऱ्या बायकांपैकी एक ‘डोळे अगदी’ एवढंच म्हणाली, तर सासूबाईंनी तिच्या हातात पेढा ठेवून तिला गप्प केलं.

गुरुवारी सकाळी मावशींच्या पाटावर बसून त्याला न्हाऊ घातलं. दुपट्यात गुंडाळून पायरीवर नेलं. पाय उन्हात, तोंड माझ्या ओढणीच्या सावलीत. सासूबाई मागे दारात येऊन उभ्या राहिल्या. सोनू टोपी घालून त्यांच्या पदराला धरून. मी ओढणी बाजूला केली. त्यानं डोळे घट्ट मिटले, तोंड वेंगाडलं, शिंकला. मी वाट पाहिली. आत कुकरची एक शिट्टी झाली, दुसरी झाली. ओढणी घेतली, पुन्हा बाजूला केली. त्यानं तोंड वळवलं आणि माझ्या काखेत खुपसलं. रडत नव्हता, तरी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाणी ओघळलं.

‘काय गं?’ मागून सासूबाईंनी विचारलं. ‘बरं आहे ना?’

झोपेत असेल. थंडी असेल. नुकतंच न्हाऊन आलंय. शनिवार काही लांब नाही. सगळं माझ्या तोंडाशी आलं होतं, आणि राखसुद्धा. मी ओढणी त्याच्या तोंडावर ओढली आणि म्हणाले, ‘आई, आत्ता जायचं.’

मी वळून पाहिलं तर सासूबाई चपला घालत होत्या.