चाळलेली माती

एकदा मी शेतातली काळी माती पिठाच्या चाळणीनं चाळून पुण्याला पाठवली. तेव्हा मी बासष्ट वर्षांची होते, म्हणजे अक्कल यायचं वय अजून व्हायचं होतं.

माझी भाची, धाकट्या भावाची मुलगी, पुण्यात सिनेमातले आवाज तयार करते. मी आधी गावभर सांगून बसले होते की पोरगी गाणी म्हणते! तिचं काम निराळंच. पडद्यावरच्या माणसांच्या पावलांचे, भांड्यांचे आवाज शूटिंगच्या वेळी नीट येत नाहीत. ते नंतर बंद खोलीत, चित्र बघत बघत, पुन्हा करायचे. एकटीच्या जबाबदारीवरचा हा तिचा पहिलाच सिनेमा. त्यातली बाई डोक्यावर पाण्याची घागर घेऊन नांगरलेल्या रानातून अनवाणी चालते. तिची पावलं सिनेमाच्या मोठ्या साहेबांनी दोनदा नापास केली होती. तिसऱ्यांदाही जमलं नाही, तर काम दुसऱ्याकडं जाणार होतं.

"आत्या, पेडगावच्या रानातली पोतंभर माती पाठव. इथली चालंना झाली," तिचा फोन आला.

मी पोतं भरून आणलं, आणि बघून मलाच लाज वाटली. एवढ्या मोठ्या ठिकाणी असली ढेकळं पाठवायची? माहेरच्या पोरीची अब्रू होती. मग ओसरीवर बसून एकेक ढेकूळ फोडलं, खडे वेचले, काड्या वेचल्या, सगळं चाळलं. ज्वारीत घालतो तसा वरून कडुलिंबाचा वाळला पाला घातला. किडे होऊ नयेत म्हणून. मातीला!

आमचे मालक दारातून बघत होते. "भाकरी थापायच्यात का हिच्या?"

"तुमी गप बसा. तुमाला पुण्याचं काय कळतंय?" मी म्हणाले. जशी मी तिथंच जन्मले होते.

पोतं ट्रॅव्हल्सनं गेलं. दुसऱ्या दिवशी फोन.

"आत्या, ढेकळं कुठंयत?"

"फोडली की. एक खडा घावला तर नाव बदल माझं."

तिकडून बारीक आवाजात, "मला ढेकळंच पायजे होती गं. ह्याच्यावर चाललं की पावडरच्या डब्यात पाय पडल्यावानी वाटायलंय. परवा साहेब ऐकणार हायत."

रागावली असती तर बरं झालं असतं. त्याच संध्याकाळी दुसरं पोतं घेऊन मी स्वतः गाडीत बसले.

"आजी, लय जड हाय. काय हाय ह्यात?" ड्रायव्हरनं विचारलं.

"ढेकळं."

तो माझ्याकडं बघतच राहिला. मग पोतं फार जपून ठेवलं.

पुण्यात तिच्या त्या बंद खोलीत जमिनीत चौकोनी खड्डे केलेले. एकात वाळू, एकात फरशी, एकात आमची माती. पावलं वाजवायला एक सडपातळ गृहस्थ होते. ते चालले, ढेकळं फुटली, पण ती बाई काही माझ्या डोळ्यांपुढं येईना.

"ह्यांच्या डोक्यावर घागर कुठंय?" मी विचारलं.

"घागर ऐकू कुठं येती, आत्या?"

"पायाला कळती की! मोकळ्या डोक्याचं माणूस पाय उचलून टाकतंय. भरली घागर असली की बाई आधी अंगठ्यानं ढेकूळ चाचपती, मग भार देती."

गृहस्थ हसून बाजूला झाले. "मावशी, तुम्हीच या."

भाची म्हणाली, बांगड्या वाजतील, काढाव्या लागतील.

"सवाष्णीला बांगड्या काढ म्हणतीस?"

तिनं आपली ओढणी माझ्या मनगटांना गुंडाळली. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर उरलेल्या ढेकळांचं पोतं. पडद्यावरची बाई निघाली, तशी मीही. दोनदा सगळं वाया घालवलं, कारण बाई अडखळली की मी ओरडायची, "अगं, हळू!" तिसऱ्यांदा तोंडात पदराचं टोक धरलं आणि चालले. काचेपलीकडं भाची डोळे मिटून ऐकत होती.

मी पेडगावला परतल्यावर तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला.

"आत्या, काम माझ्याकडंच राहिलं गं. साहेबांनी इचारलं, ह्या बाईचे पाय कुठून आणलेस? मी म्हणलं, आमच्या घरचे हायत."