मरळीला दुखतं का

बायकोच्या पोटाचं ऑपरेशन अकोल्याला झालं आणि दहाव्या दिवशी मी तिला अमरावतीला घरी आणलं. प्रथिनं भरपूर द्या, असं डॉक्टर म्हणाले होते. शेजारच्या काकूंनी त्याचा एका शब्दात निकाल लावला, "मरळ." मरळ मासोळी खाल्ली की जखम लवकर भरते, असं आमच्याकडे समजतात. घरात तोवर मासोळी कधी शिजली नव्हती. पण त्या दिवसांत मला नाही म्हणायचंही त्राण नव्हतं. सकाळचं आवरून नांदगाव खंडेश्वरला शाळेत जायचं, परतताना बाजार, मग स्वयंपाक, मग जखमेची पट्टी. कोणी काय सांगेल ते करत होतो.

मासोळी विकणारी बाई पन्नाशीची असावी. तिच्या टबात मरळी जिवंत असत. तिनं एक उचलली, दगडावर दाबली आणि दांडक्याचा एकच फटका डोक्यात घातला. माझं तोंड पाहून म्हणाली, "पयल्यांदा घेऊन राहिले का, भाऊ?"

"हो. हिले दुखते का वो?"

"दुखते तं."

"वरडत तं नाई."

"वरडाले गळा कुठं देला तिले? आंग आखडते ना. हातात धरली का समजते." खवले काढता काढता ती पुढं म्हणाली, "म्हनून एकाच घावात करतो आमी. तडफडत ठेवनारे बी हायेत."

वीस वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवतोय. माशाचे कल्ले, पर, शेपटी, सगळं फळ्यावर काढलं. हे कधी मनात आलं नव्हतं.

संध्याकाळी पट्टी बदलायला बसलो. "दुखते का?" मी रोज विचारायचो, ती रोज "नाई" म्हणायची, आणि मी खूश. दमलेल्या माणसाला असं उत्तर पुरतं. त्या दिवशी मात्र जखमेवरून माझी नजर तिच्या पायांकडे गेली. चिकटपट्टी ओढली तशी पायाची बोटं आत वळली. मुठीत चादर गच्च धरलेली.

"दुखून राहिलं ना तुले?"

तिनं मुठीतली चादर सोडली. मग म्हणाली, "तुमी आदीच इतके थकून येता. त्यात मी काय सांगू?"

"कवापासून?"

"घरी आनलं तवापासून."

मी पलंगाच्या कडेला बसून राहिलो. राग आला होता, पण कोणावर ते ठरवायचाही कंटाळा आला.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून तिला अकोल्याला नेलं. जखमेत आतून पू झाला होता. "इतके दिवस सांगितलं का नाही?" डॉक्टरांनी विचारलं. त्यांनी जखम साफ केली, औषधं बदलली. येताना गाडीत ती बडनेऱ्यापर्यंत गाढ झोपली होती. तिला असं झोपलेलं मी कित्येक दिवसांनी बघत होतो.

पुढे महिनाभर मरळ आणली. जखम मरळीनं भरली की औषधांनी, देव जाणे. फटक्याच्या वेळी मी दुसरीकडे बघायचो. त्याची सवय काही झाली नाही.

आता बायको बरी आहे. दुखतं का विचारलं तर, "हो, आज कंबर लय दुखते," असं सरळ सांगते. मग कितीही दमलेलो असलो तरी मला उठून शेकायचं पाणी ठेवावं लागतं.