दारूच्या कोठीची चावी

परवा कपाट आवरताना जुने कार्बन पेपर सापडले, आणि त्या वासाबरोबर दुबईचं खाडीकाठचं ऑफिस आठवलं. साठच्या दशकात मी तिथे टायपिस्ट होतो, आणि आमच्या रत्नागिरीकडचे एक चाचा शेजारच्या इंग्रज साहेबांच्या मेसमध्ये कामाला होते. ड्युटीवर दारू पिऊन धिंगाणा घातला म्हणून फौजेने त्यांना काढून टाकलं होतं, आणि डिस्चार्जच्या कागदावर ‘वर्तणूक खराब’ असा शेरा मारला होता. त्या शेऱ्यापायी गावच्या जमातीत त्यांना मान वर करता येईना. तो बदलून मिळावा म्हणून अर्ज टाइप करताना मी हुशारीने लिहिलं, ‘मी कधी थेंबही घेतला नाही.’ वाचून दाखवताच चाचा उखडले. “फाड तो कागद! प्यायलो होतो, भरपूर प्यायलो होतो, तेच लिही.” “मग शेरा कसा बदलणार, चाचा?” त्यांनी कमरेची पितळी चावी टेबलावर आपटली. “ही मेसच्या दारूच्या कोठीची. तीन वर्षं माझ्याकडे आहे. मेसच्या साहेबाला विचार, एक बाटली तरी कमी भरली का? यल्ला, चल, हे टाइप कर!” साहेबाने हसत तसं पत्र दिलं. वर्षभराने फौजेकडून उत्तर आलं, शेरा ‘वर्तणूक चांगली’ असा झाला होता. चाचांनी ऑफिसभर हलवा वाटला, मला ओढत मेसमध्ये नेलं आणि चावी साहेबापुढे ठेवली. “आता ही दुसऱ्याला द्या. मला अजून रोज तहान लागते.” आम्ही पोट धरून हसलो. आज त्यांच्याहूनही म्हातारा झाल्यावर आठवतं, चाचा तेवढे हसले नव्हते.