विठा घाटात पिकअप का तापली

दानियल म्हणाला, "नाताळाच्या आधी रूथकडं जाऊन येऊ. मार्थाचं कपाट अन् दोन पलंग द्यायचेत पोरीला." मी लगेच हो म्हणालो, पण एका अटीवर. शनिवारी जायचं आणि सोमवारी माझ्याच गाडीतून परत यायचं. मार्थावहिनी गेल्यापासून राजूरला नर्स असलेली त्याची मुलगी त्याला कायमचा बोलावत होती, आणि तो गेला तर माझ्या रविवारचं काय करायचं ते मला सुचत नव्हतं.

माझं राहात्यात ट्रॉल्या बनवायचं वर्कशॉप आहे. दानियल साखर कारखान्यातला रिटायर्ड टर्नर. मी बनवलेल्या पहिल्या ट्रॉलीचा एक्सल त्याच्या श्रीरामपूरच्या घरामागच्या लोखंड कातायच्या लेथवर उतरला. तेव्हापासून रविवारी तो चर्चमधून आला की त्या लेथपाशी स्टूल टाकून आमचा चहा व्हायचा.

शुक्रवारी मी माझी छोटी ट्रॉली त्याच्या दारात सोडून आलो. शनिवारी सकाळी जाऊन बघतो तर भरून, ताडपत्री आवळून तयार.

"कुणी भरली रे?"

"गल्लीतली पोरं हायेत की. तू चहा घे."

ट्रॉलीचे टायर तेवढे दगडासारखे कडक दिसले. जास्त हवा भरायची जुन्या माणसाची सवय, म्हणून मी सोडून दिलं.

बाभळेश्वर, लोणी, संगमनेर, अकोले, राजूर असा रस्ता. जायचं असेल तर सकाळी लवकर निघा, कारण गळीत हंगामात लोणीपर्यंत उसाच्या जोडट्रॉल्यांमागं रांगावं लागतं. डिझेल जाऊन-येऊन अडीच-तीन हजारांचं धरा, मागं काही ओढणार असाल तर आणखी.

लोणी सोडली आणि एक्झॉस्टचा, म्हणजे इंजिनच्या धुराच्या तापमानाचा मीटर चढायला लागला. हा मीटर दानियलनंच मॅनिफोल्डला भोक पाडून बसवून दिलेला. पाण्याचा काटा उशिरा बोलतो, हा आधी बोलतो. ओझं घेऊन चढ चढताना माझी गाडी साडेपाचशे डिग्री दाखवते. इथं सपाट रस्त्यावरच सहाशे झाले आणि जरासा चढ लागला की सातशे. तिथं जास्त वेळ राहिलं की आधी टर्बो जातो, मग पिस्टन.

संगमनेरला टायरवाल्याकडं थांबलो. अशा वेळी चावी लगेच फिरवू नका. काटा खाली येईपर्यंत इंजिन चालू राहू द्या. मग एअर फिल्टर काढून हवेनं झाडून घेतला. धुळीचा लोट निघाला.

टायरवाला म्हणाला, "शेठ, गाडी म्हातारी झाली."

"गाडी न्हाई, शेठ झालाय," दानियल म्हणाला. मिसळ खाल्ली, झणझणीत होती, आणि निघालो. मीटर पुन्हा सातशेवर.

रेडिओ बंद करून कान लावला. टर्बोपासून येणारा हवेचा पाइप कुठं चिरला असेल तर जोर दिल्यावर शीळ ऐकू येते. शीळ नव्हती. दानियलला आरशात बघायला सांगितलं. काळा धूर निघत असेल, तर हवा कमी पडतेय किंवा डिझेल जास्त जातंय.

"न्हाई, साफ हाय."

अकोल्यात पाइपांच्या जोडांवर साबणाचं पाणी टाकलं, बुडबुडा नाही. ट्रॉलीचा ब्रेक घासत असेल म्हणून चाकांना हात लावून बघितला, दोन्ही गार. दानियल एकेक पाना हातात देत होता. एरवी मी बॉनेट उघडलं की हा मला बाजूला सारतो.

विठा घाटाच्या पायथ्याला शेवटची परीक्षा घ्यायची ठरवली. चाकांना दगड लावून ट्रॉली सोडली. नुसती पिकअप पहिल्या वळणापर्यंत नेऊन आणली. मीटर चारशेच्या वर गेला नाही. इंजिन ठणठणीत. आता ट्रॉली हातभर पुढं ढकलून हुकात अडकवायची होती. दांडा उचलला तर हलका, म्हणजे वजन अगदी एक्सलवर तोलून ठेवलेलं. दगड काढून दोघांनी जोर लावला. हलेना. कपाट आणि पलंग एवढे जड नसतात.

"लेथ हाय," दानियल म्हणाला.

मी ताडपत्री उचलली. कपाट होतं, पलंग होते, आणि मधोमध गोधड्यांत गुंडाळलेला लेथ.

"संगमनेरलाच सांगायचं ना. फिल्टर झाडत बसलो."

"फिल्टर घान हुताच."

"आणि सोमवारचं?"

त्यानं गोधडीचं टोक पुन्हा लेथवर ओढलं. "लेथ चालू केला की ती आतनं वरडायची, आवाज बंद करा म्हनून. आता कुनी वरडत न्हाई बाळू. म्हनून मी चालूच करत न्हाई."

वर्षभर मी त्या लेथपाशी बसलो होतो. रविवार आहे म्हणून बंद असेल, असं धरून चाललो होतो.

"मला आधी का नाही सांगितलंस?"

"तू आनला असता का?"

"नसता आणला."

तिथून माघारी वळणं सोपं होतं, सगळा उतारच होता. मी पिकअप मागं घेत ट्रॉलीच्या दांड्यापर्यंत आणली आणि पिन टाकली.

दुसऱ्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटरवर हलका पाय ठेवून चढलो. दानियल मीटर वाचत होता. "साडेसहाशे. सहाशे ऐंशी. थांब आता." जागा मिळेल तिथं बाजूला घ्यायचं, इंजिन चालू ठेवायचं, काटा उतरला की पुन्हा. बोलायला विषय नव्हता, आकडे होते ते बरं झालं.

राजूरला रूथनं पत्र्याची शेड दाखवली. आत कोबा केलेला, त्यात लेथचे चार बोल्ट उभे. कोबा चांगला वाळलेला होता. एवढ्या दिवसांत दोन रविवार तरी मी त्याच्याकडं चहा पिऊन आलो असेन.

"काका, रागावलात?" तिनं विचारलं.

"जेवायला काय केलंयस?" मी म्हणालो.

रविवारी भंडारदऱ्याला गेलो. धरण भरलेलं, हवा थंड, गर्दी बेताची. पाण्याकाठी बसायला जागा भरपूर आहे. मी एकटाच होतो, दानियल लेथची पातळी लावत बसला होता. संध्याकाळी परतलो तेव्हा शेडमधून घरघर येत होती. मी दाराशी उभा राहिलो. एवढ्यात स्वयंपाकघरातून रूथ ओरडली, "पप्पा, आवाज!"

दानियलनं मान वर केली नाही. हसत होता. मी पेढे आणायच्या निमित्तानं बाहेर पडलो. राजूरचा पेढा चांगला असतो, नक्की घ्या.

सोमवारी एकटा निघालो. तो फाटकापर्यंत आला, पिन हलवून बघितली, म्हणाला, "सावकाश जा. मीटरवर ध्यान ठेव." राहात्यापर्यंत मीटर चारशेच्या वर गेला नाही. रिकामी ट्रॉली मात्र प्रत्येक खड्ड्यात उडत होती, कारण टायरमध्ये लेथच्या वजनाची हवा होती. ओझं उतरलं की हवा कमी करायची असते. नाहीतर टायर मधोमध झिजतो आणि रस्ताभर आवाज होतो.

तुम्ही हवा कमी कराच. ट्रॉली वर्कशॉपच्या दारात उभी आहे, मी अजून केलेली नाही.